तुम्ही विचारलेत म्हणून: किशोरीताईंचा भूप माझ्या यादीत का नाही

गाण्यावर जीव असलेली चार माणसे एकत्र आली की आवडत्या रेकॉर्डींच्या याद्या निघतातच, आणि माझी यादी सांगून झाली की कोणीतरी हमखास विचारते, ‘यात किशोरीताईंचा भूप कसा नाही?’ म्हणजे किशोरी आमोणकरांनी गायलेल्या भूप रागाची रेकॉर्ड. गेली कित्येक वर्षे मी या प्रश्नाला काहीतरी थातुरमातुर उत्तर देत आले आहे. मग माझ्या माघारी निष्कर्ष काढले जातात: ही मिरजेची, म्हणजे किराणा घराण्याची अभिमानी, किंवा हिला चारचौघांहून वेगळे दिसण्याची हौस. पहिला आरोप तर टिकतच नाही, कारण माझ्या यादीत सर्वांत वर मल्लिकार्जुन मन्सूर असतात, आणि ते किशोरीताईंच्याच जयपूर घराण्याचे. दुसऱ्या आरोपाने मात्र मला खरोखर दुखावले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ती रेकॉर्ड मला आवडत नाही, असे मी कधीही म्हटलेले नाही. भूपात स्वर पाचच, मध्यम आणि निषाद वर्ज्य. लपायला जागाच नाही. ‘प्रथम सुर साधे’ या बंदिशीच्या आलापीत किशोरीताई गंधारावर ज्या सावकाशीने येतात, आल्यावरही तो लगेच हाती न घेता धैवत-पंचमावरून पुन्हा त्याच्याकडे जशा उतरतात, ते ऐकताना आजही माझा श्वास अडतो. आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांच्या लयबद्ध, घट्ट विणीच्या गायकीतून आलेल्या गायिकेने एवढा ऐसपैस आलाप का करावा, असा आक्षेप विशीत मी तावातावाने घेत असे. आज त्या मुलीशी माझे पटत नाही. पण तिचे सगळेच चुकत होते, असेही मला म्हणवत नाही.

बाबा मिरज जंक्शनवर रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांच्या वाट्याला बहुतेक रात्रपाळी येई. 1937 साली वारलेल्या, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ आमच्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी रात्र रात्र गाणे चालते. मी तिथे पहाटेपर्यंत बसत असे. बाबा त्या वेळी फलाटावर असत. गाणे त्यांना माझ्याहून अधिक हवे होते, पण मैफली रात्री होत आणि त्यांच्या रात्री रेल्वेच्या होत्या. त्यामुळे त्यांची मैफल म्हणजे ती एक तबकडी. सकाळी साडेसहाला घरी यायचे, पाय धुवायचे, चहाचा कप हातात घेऊन प्लेअरपाशी बसायचे आणि भूप लावायचे.

मी तेव्हा नुकतीच शिकायला लागले होते आणि नव्या शिष्याचा सगळा कडवेपणा माझ्यात होता. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सकाळी हेच पाच स्वर ऐकायचे असतील तर देशकार आहे. तिथे धैवताचे राज्य असते आणि चलनच वेगळे. हे मी बाबांना अनेकदा सांगितले होते. एके दिवशी रात्रभर दर्ग्यात जागून घरी आले, तर त्याच तबकडीवरची ‘सहेला रे’ ही भूपाची बंदिश सुरू झालेली. मी म्हणाले, ‘बाबा, वीस-बावीस मिनिटांत कापून बसवलेला राग, तोही अवेळी. याला गाणे ऐकणे म्हणत नाहीत.’ ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, माझी रात्र आता सुरू होते आहे.’ मला ती पळवाट वाटली. मी पुढे झाले आणि पिन उचलली. उचलली असे मी इतकी वर्षे म्हणत आले. खरे तर हिसकली. ती तबकडीवरून आडवी घसरत गेली आणि चर्र असा आवाज झाला.

बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी तबकडी उजेडात धरून तिरकी केली, त्या चऱ्यावरून अंगठ्याच्या नखाने अगदी हलके चाचपले, आणि ती पाकिटात घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा भूप लावला. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे आडव्या चऱ्यावरून पिन दर 1.8 सेकंदांनी जाते. ‘सहेला रे’ सुरू झाले की ‘टक्’ सुरू होई. त्या टक्‌ला तीनतालाशी काही देणेघेणे नव्हते. कधी ती समेच्या आधी पडे, कधी नंतर. तो भाग आला की बाबा खुर्चीच्या हातावर, एरवीपेक्षा जरा मोठ्याने, ठेका धरू लागत. मी आतल्या खोलीतून ऐकत असे. माफी मागायला हवी होती, ती मी मागितली नाही. नवी तबकडी आणता आली असती. मी ती आणलीही, पण पाच वर्षांनी, स्वतःच्या पगारातून. बाबांनी ती एकदा कौतुकाने ऐकली आणि पुढे जुनीच लावत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, हे संगीताचे कारण नव्हे. मान्य आहे. पण तबकडीने रागाला वेळेच्या चौकटीत बसवले, हा माझा आक्षेप मी आजही पूर्णपणे सोडलेला नाही. 78 फेऱ्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांत खाँसाहेबांनी काय उभे केले, हे आठवले की तो लटका पडतो, आणि मैफलीत बसले की पुन्हा खरा वाटतो. शिवाय आवडत्यांच्या यादीत एखादी गोष्ट घालायची, तर ती निर्धास्तपणे ऐकता आली पाहिजे, असे मला वाटते. 3 एप्रिल 2017 रोजी किशोरीताई गेल्या. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकाने मला ‘सहेला रे’ पाठवले. मी ते लावले. स्वच्छ, निर्मळ प्रत होती. पण माझा कान दर वेळी त्या टक्‌साठी थांबत होता, ती येत नव्हती, आणि त्या मोकळ्या जागेत मला गाणे ऐकूच येईना. निम्म्यावर बंद केले.

जुनी तबकडी मिरजेच्या घरी कपाटात आहे. प्लेअरचा पट्टा सैल झाला आहे. तो बदलून घेण्याचे मी दर दिवाळीला ठरवते आणि राहून जाते. यादी तूर्त आहे तशीच राहील.