कुंडीतली कोरडी गाठ : फेब्रुवारी ते जूनच्या नोंदी

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर सध्या 34 कुंड्या आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांपैकी एकाही कुंडीची माती आतून कोरडी राहू द्यायची नाही, असे मी फेब्रुवारीतच ठरवले होते, आणि ते ठरवायला एक मोगरा कारणीभूत झाला.

या मोगऱ्याला मी रोज सकाळी तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत पाणी घालत असे, तरीही दुपारी त्याचे शेंडे मान टाकत आणि खालची पाने पिवळी पडून गळत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणी करून त्याची कुंडी बदलायला घेतली, तेव्हा मातीचा गोळा अख्खा बाहेर आला. बाहेरून तो काळसर, ओला आणि जड दिसत होता. मात्र खुरप्याने मधोमध फोडल्यावर आत नारळाएवढा भाग फिकट, भुशासारखा कोरडा निघाला, त्यातली तंतुमुळे काड्यांसारखी तुटत होती आणि एका बाजूला मुंग्यांनी चक्क घर केले होते. कित्येक महिने मी ज्या झाडाला नेमाने पाणी देत होतो, त्याच्या निम्म्या मुळांना त्यातला थेंबही मिळाला नव्हता, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले.

असे का होते, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि पालापाचोळ्याचे खत ओलसर असताना पाणी उत्तम धरून ठेवतात. पण एकदा पूर्ण सुकले की त्यांच्या कणांवरच्या मेणचट द्रव्यांमुळे पाणी त्यांना चिकटत नाही आणि अळवाच्या पानावरून थेंब घरंगळावा तसे वरच्या वर निघून जाते. शिवाय असे मिश्रण सुकताना आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटून नख जाईल एवढी फट पडते. वरून ओतलेले पाणी सर्वांत सोपी वाट धरते, म्हणजे त्या फटीतून थेट तळाशी जाते, आणि बशीत साठलेले पाणी पाहून आपली समजूत होते की झाड पोटभर प्यायले. भोकातून पाणी आले याचा अर्थ पाण्याला बाहेर पडायला वाट सापडली एवढाच आहे, माती भिजली असा नाही, ही या पाच महिन्यांतली माझी सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

मार्चच्या सुरुवातीला मी प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा लहान काटा गच्चीवर आणला आणि सुतळीचा झोळ करून कुंड्या तोलायला लागलो. 10 इंची प्लास्टिकच्या कुंडीतली जास्वंद पाण्यापूर्वी 4.1 किलो भरली. तिच्यावर एक लिटर पाणी एकदम ओतले, तर मिनिटभरात सुमारे 700 मिलिलिटर पाणी बशीत आले आणि वजन जेमतेम 4.4 किलो झाले. त्यानंतर तीच कुंडी टबमध्ये तिच्या निम्म्या उंचीपर्यंत पाण्यात ठेवली. आधी ती तरंगून कलंडायला लागली, म्हणून काठावर फरशीचा तुकडा ठेवावा लागला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले, आणि पाऊण तासाने वरची माती आपोआप काळी झाली. बाहेर काढून पूर्ण निथळल्यावर वजन 6.6 किलो भरले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्यामुळे हिशेब सरळ आहे: या कुंडीत अडीच लिटर पाणी मावत होते, आणि माझ्या रोजच्या पद्धतीने तिला पाव ते अर्धा लिटरच मिळत होते.

सगळ्याच कुंड्या टबमध्ये बुडवणे शक्य नसते, त्यामुळे रोजच्यासाठी मी पाणी टप्प्याटप्प्याने द्यायला लागलो. पहिल्या फेरीत बारीक भोकांच्या झारीने फक्त पृष्ठभाग भिजेल एवढे पाणी सगळ्या कुंड्यांना देतो. शेवटच्या कुंडीपर्यंत पोहोचायला दहा-बारा मिनिटे लागतात, तोवर पहिल्या कुंडीतली वरची माती ओलावलेली असते. ओलसर माती पाणी लगेच ओढून घेते, कोरडी माती ते झिडकारते, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पाणी मुरते. पाणी खोडाशी न ओतता कडेने गोल फिरवतो. पण त्याआधी कडेची फट बोटांनी दाबून, नवी माती भरून बंद करतो, कारण ती उघडी राहिली तर बाकीची मेहनत वाया जाते. फार घट्ट झालेल्या गोळ्यात बांबूच्या काडीने पाच-सहा ठिकाणी तिरकी भोके पाडली. दोन हट्टी कुंड्यांसाठी रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचे गाळलेले पाणी अर्धी वाटी झारीभर पाण्यात मिसळून एकदाच वापरले. रिठ्यातल्या फेसाळ द्रव्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते कोरड्या कणांवर पसरते.

एप्रिलमध्ये एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे कुंड्याही किंचित कललेल्या असतात आणि पाणी नेहमी एकाच बाजूला साचते. त्यातच चढाची बाजू पश्चिमेला असेल, तर दुपारच्या उन्हाने ती आणखी सुकते. कुंड्यांखाली कौलाचे तुकडे सारून त्या समतल केल्या, मातीचा खोडाभोवतीचा उंचवटा काढून सपाट आळे केले आणि दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवायला सुरुवात केली. 12 इंची पिशव्यांमधल्या वांग्यांना मधोमध ताशी 4 लिटरचा एकच ड्रिपर (ठिबकची तोटी) होता. त्याच्याखाली ओलीचा अरुंद पट्टा तयार होई आणि कडा कोरड्या राहत. त्याऐवजी समोरासमोर ताशी 2 लिटरचे दोन ड्रिपर लावले. पाणी तेवढेच लागते, पण ओल काठापर्यंत पोहोचते.

एक नुकसानही नोंदवायला हवे. अनंताची कुंडी मी जास्वंदीच्याच उत्साहाने टबमध्ये भिजवली. पण कोरड्या गाठीत त्याची बरीचशी मुळे आधीच मेलेली होती, त्यामुळे ते पाणी पिणारे कोणी उरलेच नव्हते. नऊ दिवसांनंतरही कुंडीचे वजन फारसे उतरले नाही, मातीला आंबूस वास येऊ लागला आणि झाड गेले. अशा झाडाला आधी सावलीत ठेवून थोडी छाटणी करावी आणि ओल हळूहळू वाढवत न्यावी, असे मला आता वाटते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, तीच कुंडीतही हवी असते. टबमध्ये वारंवार भिजवल्याने क्षार वर येऊन पृष्ठभागावर पांढरा थर धरतो, म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी देऊन ते धुऊन काढतो.

मोगऱ्याला मेच्या पहिल्या आठवड्यापासून सलग कळ्या आल्या आणि दुपारी मान टाकणे थांबले. काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढली की ती आता पूर्ण लांबीभर ओलसर निघते.

राहिला आहे तो पिंपातला कढीपत्ता, जो उचलता येत नाही, तोलता येत नाही आणि टबात मावत नाही. पावसाच्या भुरभुरीने त्याच्या दाट पानांखालची माती भिजत नाही, हे जूनच्या पहिल्या सरींनंतर काडी खुपसून पाहिले आहे. गेल्या रविवारी त्याच्या कोरड्या बाजूला बिनरंगाचे लहान मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरले आणि वर झाकणी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार बोटे उतरले होते, आणि मडक्यापासून वीतभर अंतरावर खुपसलेल्या काडीच्या टोकाला पहिल्यांदाच माती चिकटून आली.