यंदाच्या गोधड्या: पूर्ण झालेल्या, पोचवलेल्या आणि पेटीत राहिलेल्या

यंदा विकतचं वाडिंग, म्हणजे गोधडीच्या पोटात घालायचा तयार थर, पूर्ण बंद केलं. वर्षाचा हिशेब मांडताना हे आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोधड्या त्यावरच उभ्या आहेत. पॉलिएस्टरचं वाडिंग हलकं, फुगीर, फोटोत झकास. पण थोड्या धुण्यांतच त्याचे पांढरे तंतू टाक्यांच्या भोकांतून बाहेर यायला लागतात आणि गडद कापडावर ते फार वाईट दिसतं. सुती वाडिंग चांगलं असतं. पण ते बाहेरून मागवायचं म्हटलं तर वरच्या कापडापेक्षा पोटाचाच खर्च जास्त. मग आजीचीच रीत बरी: पोटात जुन्या सुती साड्या.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी मापं देते. पाचवारी साडी साडेपाच मीटर धरली तर तिचे पावणेदोन मीटरहून थोडे जास्त असे तीन तुकडे होतात, म्हणजे एकट्याच्या गोधडीचे तीन थर एकाच साडीत. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करून दोन-दोन शेजारी जोडले की डबल गोधडीचे दोन थर मिळतात. वर ठिगळं, खाली अस्तर. एकूण पाच थरांच्या पुढे मी जात नाही. सुई अडते आणि मनगट रात्री झोपू देत नाही. वाडिंगवर इंचाला आठ-नऊ टाके बसायचे, साड्यांवर चार, फार तर पाच. क्विल्टिंगच्या क्लासमधून आलेल्या मैत्रिणींना हा टाका ढोबळ वाटतो. वाटू दे. गोधडीचा टाका लांबून दिसला पाहिजे, या मताची मी आहे. दोरा आठ नंबरचा पर्ल कॉटन, मेण लावून. दोन ओळींत बोटभर अंतर, त्याहून जास्त नको, नाहीतर आतल्या साड्या धुताना सरकतात.

अस्तराला नवं मांजरपाट घेणार असाल तर रात्रभर पाण्यात बुडवून खळ काढा, दोनदा धुवा आणि मगच कात्री लावा. आतल्या साड्या वर्षानुवर्षं धुऊन आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात. अस्तर कोरं राहिलं तर पहिल्या धुण्यात तेच आटतं आणि अख्खी गोधडी आखडते.

वर्षातली पहिली मोठी गोधडी भाचीच्या रुखवतासाठी होती. वरचा भाग सगळा ओटीतल्या ब्लाऊजपीसचा. आपल्या प्रत्येकीच्या कपाटात तो गठ्ठा असतोच. हळदीकुंकवाला आलेला, पुढच्या हळदीकुंकवाला जाणारा, कुणीच न शिवलेला. त्यातला निम्मा माल टेरिकॉट निघतो, तो बाजूला काढायला लागतो. टू बाय टू, म्हणजे ब्लाऊजचं सुती कापड, असेल तर उत्तम. हाताला कळत नसेल तर कडेचा एक दोरा ओढून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा वास देऊन भुरभुरीत राख होतो, कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. त्या निवडलेल्या कापडांचे चौकोन केले, मधे गुळेदगुड्डच्या खणांच्या पट्ट्या घातल्या. खण थोडा जाड आणि चकचकीत, त्यामुळे शेजारचं साधं कापड फिकं पडतं. तो किनारीलाच शोभतो, मधे फार पेरू नये. रुखवतात लाडूच्या डोंगराशेजारी मांडली. भाचीच्या सासूबाईंनी आधी कोपरा उलटून पाठ बघितली. तिथेच ओळखलं, पोरगी चांगल्या घरात पडली.

पण वर्षातलं खरं शिक्षण झालं ते हल्याळला. नणंद बेळगावात असते. तिच्याकडून खानापूर, अळणावर करत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ तालुक्यात गेलो. यल्लापूर, मुंडगोड, हल्याळ या पट्ट्यात सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी बरेच पळून या जंगलात शिरले, असा त्यांचा इतिहास सांगितला जातो. बोली कोकणीच्या वळणाची, त्यात मराठी आणि कानडी मिसळलेली, त्यामुळे माझं बोलणं अर्धंअधिक निभावलं. राहिलेलं नणंदेनं कानडीत सांगितलं. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात.

एका घरच्या पडवीत बसून बघायला मिळालं. आपण आधी ठिगळं जोडून वरचा भाग तयार करतो, थर मांडतो, कच्चे टाके घालतो आणि मग शिवायला बसतो. ती बाई यातलं काहीच करत नव्हती. खाली साडी पसरलेली, कडेला कोपऱ्यापासून सुरुवात. हातात येईल तो तुकडा घ्यायचा, कडा बोटानेच आत दुमडायच्या, शेजारच्या तुकड्यावर थोडा चढवायचा आणि धावदोरा सुरू. त्याच टाक्यात ठिगळ जोडलं जातं, त्याच टाक्यात थर एकमेकांना धरतात. चारही कडांनी फिरत फिरत मध्याकडे यायचं. पट्टी नाही, खडू नाही, टाचणी नाही. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं लावायची, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुला नसेल तर कवंदी पुरी झाली असं कुणी म्हणत नाही.

मी विचारलं, कडेकडून आत येताना मधे झोळ नाही का येत? तिनं हसून नुसतं हाताने साडी सपाट करून दाखवली. घरी येऊन दुपट्याच्या मापाची एक करून बघितली तेव्हा कळलं. वरचा भाग आधी जोडलेलाच नसतो, तो शिवता शिवता वाढतो. मग त्याला झोळ यायचं कारणच काय! सांभाळायचं ते फक्त खालच्या कापडाला, आणि ते दर ओळीला तळहाताने कडेकडे सारत राहिलं की जमतं. माझं दुपटं मध्यावर किंचित फुगलंय, पण माझ्या चौकटीतल्या सगळ्या गोधड्यांपेक्षा त्यात जीव जास्त आहे. ज्यांना आखीवपणाचा कंटाळा आलाय त्यांनी यंदा एकदा तरी कडेकडून आत शिवून बघाच. आणि विकत घेणार असाल तर घासाघीस करू नका, त्या कामाला किती वेळ लागतो हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक?

पावसाळ्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. एक हजार पौर्णिमा म्हणजे साडेएकोणतीस दिवसांच्या हिशेबाने जवळजवळ ऐंशी वर्षं दहा महिने. माझ्या डोक्यात भव्य बेत होता, गर्द निळ्यावर टाक्यांचे बारीक बारीक हजार चंद्र. त्यांना कागदावर काढून दाखवला. म्हणाल्या, “अगं, चंद्र कोण मोजत बसणार? पायावरून खाली सरकणार नाही एवढी लांब कर म्हणजे झालं.” त्यामुळे लांबी सव्वासात फूट आणि चंद्र मोजकेच. वाटी, ताटली, परात असं एकात एक ठेवून साबणाच्या चिपटीने गोल आखले. साबण सुती कापडावर छान उठतो आणि पहिल्या धुण्यात जातो. हल्ली मिळणारं पुसट होणारं पेन मी जुन्या कापडावर वापरत नाही.

कापड त्यांच्याच इरकली साड्यांचं, त्यांच्याच पेटीतलं. इरकलीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्हींचे ताणे टोप-तेणीच्या पद्धतीने फासे घालून जोडलेले असतात. जुन्या साडीत तो सांधाच आधी विरतो, शिवाय रेशीम आणि सूत धुण्यात सारखं वागत नाही. म्हणून पदर सांध्यावरच कापून वेगळे काढले आणि लाल पदरांची चहूबाजूंनी झालर केली. काठ मात्र सोडले नाहीत, ते उभ्या पट्ट्यांत लावले. एका काठाकडे बोट दाखवून सासूबाई म्हणाल्या, “ही ह्यांची पहिली दिवाळी.” त्या साडीबद्दल पुढचं अर्ध्या तासाचं बोलणं इथे लिहीत नाही.

गर्द निळ्या-हिरव्या साड्या वापरताना रंगाची परीक्षा आधी घ्या. ओला पांढरा फडका कापडावर दाबून चोळा. डाग आला तर तो तुकडा फिक्या कापडाशेजारी नको. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हे आपण सगळ्याच ऐकत आलोय, पण आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने बांधला जात नाही. सुटायचा तो सुटू द्यावा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहावं.

घटस्थापनेआधी नेहमीप्रमाणे घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या. पूर्वी सांगलीत कृष्णेच्या घाटावर हे काम व्हायचं, आता गच्चीवर. वाडिंगच्या जुन्या दोन आणि साड्यांच्या बाकीच्या, सगळ्या एकाच दिवशी धुतल्याने तुलना आयतीच झाली. साड्यांची गोधडी ओली झाली की एकटीला उचलवत नाही, पिळायची तर मुळीच नाही. दोन दोऱ्यांवर आडवी टाकून पाणी निथळू द्यायचं. पण संध्याकाळपर्यंत ती कडकडीत वाळली आणि अंगाला आणखी मऊ झाली. वाडिंगवाल्यांची घडी काही बसेना, कोपऱ्यांत गोळे झालेत. आमचे हे म्हणाले, त्या गाडीच्या डिकीत टाक. टाकल्या.

दिवाळीनंतर अमेरिकेत ओमाहाला लेकीकडे गेलो. नात झाली! तिच्यासाठी दुपटी, लंगोट आणि एक खणाची कुंची असा ऐवज घेऊन गेले होते. दुपट्यांना पोटात मलमलचा एकच थर, माझ्या सगळ्यात मऊ साडीचा. पण तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, बाळ वर्षाचं होईपर्यंत पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही ठेवायचं नाही. नाकातोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो म्हणून तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाच तसा सल्ला आहे. लेक माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी म्हटलं, झोपवायला नको ना, मग जमिनीवर घालू. आता नात जागेपणी त्या कवंदीसारख्या दुपट्यावर पालथी पडते आणि समोरच्या लाल तुकड्याकडे टक लावून बघते. जमिनीवर घालायचं असेल तर मात्र अस्तराला जाडसर कापड लावा आणि बटण, मणी, आरसे यांतलं काही नको. परदेशी पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक: तिथे गोधडी यंत्रातच धुतली जाणार आणि ड्रायरमध्येच वाळणार, हे धरून शिवा. दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत ओढा, टोकाला दोन टाके उलटे घ्या.

ओमाहाहून लिंकन शहर मोटारीने तासाभरावर. तिथे नेब्रास्का विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे. १९९७ साली जेम्स नावाच्या दांपत्याने आपला साडेनऊशेच्या आसपास क्विल्टांचा संग्रह विद्यापीठाला दिला, त्यातून हे सुरू झालं. आताची इमारत २००८ची. जगभरातल्या गोधड्यांचा असा संग्रह दुसरीकडे क्वचितच असेल. दिवे मंद, कारण उजेडाने रंग उडतात. हात लावायला अर्थातच बंदी. माझी सगळी धडपड पाठ बघायची आणि पोटात काय आहे ते कळायची. भिंतीवर टांगलेल्या गोधडीचं नेमकं तेच दिसत नाही, ही माझी सगळ्या संग्रहालयांबद्दल तक्रार आहे.

पण वाचायला बरंच मिळालं. जुन्या अमेरिकन क्विल्टमध्ये उजेडासमोर धरल्यावर सरकीचे कण दिसले की ती जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायचं यंत्र येण्याआधीची, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. यंत्रातून निघालेल्या हलक्या प्रतीच्या कापसातही कचरा राहायचाच. आणि विरलेली जुनी क्विल्ट नव्या क्विल्टच्या पोटात घालायची पद्धत तिकडेही होती. आपल्याकडच्या जुन्या वाकळी उसवून बघा, आत आणखी एक वाकळ निघते. अलाबामातल्या गीज बेंड गावच्या कृष्णवर्णी बायकांनी शेतावरचे फाटके कपडे, डेनिमच्या विजारी यांतून शिवलेल्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्यांचे फोटो बघताना गुडघ्याचा घासलेला भाग, खिसा निघाल्यावर राहिलेला गडद चौकोन, सगळं तसंच ठेवलेलं दिसतं. मी आजवर असे भाग कापून टाकत आले. आता नाही टाकणार.

किरकोळ कामात ताटाखालच्या चटया, दोन पिशव्या, एक मोबाइलची झोळी. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

राहिलेलं: मुलासाठी त्याच्या आणि बाबांच्या जुन्या शर्टांची गोधडी. पट्ट्यापट्ट्यांचे आणि चौकड्यांचे शर्ट शेजारी आले की डोळे गरगरतात, तिथे अडलेय. कुणी शर्ट वापरले असतील तर मधे साधा रंग कोणता घातलात ते सांगा. दुसरं, सासूबाईंची लग्नातली वाकळ आता ठिकठिकाणी उसवलीय. ती तशीच पोटात घालून वर नवी शिवायची आहे. त्यासाठी डबल मापाच्या दोन थरांची, जरीकाठ नसलेली, सुती नऊवारी लुगडी हवी आहेत, विरलेली चालतील. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे कुणाकडे असतील तर मी येऊन घेऊन जाईन, बदल्यात धुऊन खळ काढलेलं मांजरपाट देते.