सेल्फ फिरेना, तरी बॅटरी ठणठणीत

किल्ली फिरवल्यावर एकच जाड ‘टक्’ असा आवाज येऊन गाडी गप्प होणे, हा प्रकार माझ्या पेट्रोल गाडीत अधूनमधून होऊ लागला होता आणि पुढे तो नित्याचाच झाला. शेजारच्या गाडीवरून केबल लावून जंप स्टार्ट दिला की इंजिन झटक्यात सुरू होई, त्यामुळे पाहणारा प्रत्येक जण ‘बॅटरी गेली, बदलून टाका’ असेच सांगे. मला मात्र हे निदान पटत नव्हते, कारण किल्ली फिरवतानाही हेडलाइटचा उजेड फारसा मंदावत नव्हता. बॅटरी खरोखर उतरली असेल तर दिवे विझू विझू होतात आणि एका आवाजाऐवजी बहुधा ‘टकटकटक’ अशी माळ लागते.

इंजिन फिरते पण पेटत नाही, अशी तक्रार असती तर पेट्रोल पंप, स्पार्क किंवा इमोबिलायझर (चोरी टाळण्यासाठी इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) यांच्याकडे पाहावे लागले असते. येथे इंजिन फिरतच नव्हते, म्हणून शोध बॅटरी, स्टार्टर (म्हणजे इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर) आणि त्यांना जोडणाऱ्या तारा एवढ्यापुरताच उरला. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मी व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर हाती घेतला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट मिळाले. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते, तेव्हा हा आकडा काही नाव ठेवण्यासारखा नव्हता. मग दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून तेच माप पुन्हा घेतले, तर व्होल्टेज ११.७ च्या खाली उतरेना. निकामी बॅटरी या क्षणी ९ व्होल्टच्याही खाली कोसळते. माझी बॅटरी विद्युतप्रवाह द्यायला तयार होती, पण तो वाटेत कुठेतरी अडत होता.

नेमके कुठे, हे शोधण्याची रीत सोपी असूनही फारशी वापरली जात नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारायला सांगायचे. ही जोडणी चांगली असेल तर दोन्ही टोकांमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. माझ्या मीटरवर सहापेक्षा जास्त व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरीचे निम्मे बळ स्टार्टरपर्यंत पोहोचतच नव्हते. ऋण टर्मिनल आणि गाडीची बॉडी यांच्यात तेच माप घेतले, तेव्हा फरक जवळजवळ शून्य आला. दोष बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत होता, हे येथे स्पष्ट झाले.

दिवे झगझगीत का राहत होते, याचाही उलगडा त्यातच झाला, कारण दिव्यांचा परतीचा मार्ग बॉडीवरून थेट बॅटरीकडे जातो आणि त्याला या पट्टीची गरज नसते. जंप स्टार्टचे कोडेही सुटले. नियमाप्रमाणे काळ्या केबलचा शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर लावला जात होता, आणि त्यामुळे नकळत त्या खराब पट्टीला वळसा मिळत होता. खात्रीसाठी मी तीच एक काळी केबल इंजिनच्या पंख्यापासून आणि फिरत्या बेल्टपासून दूर ठेवून माझ्याच बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून इंजिनपर्यंत लावली. दुसऱ्या गाडीच्या मदतीशिवाय इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले.

बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून पट्टी काढली, तेव्हा वरून ती धडधाकट दिसत होती. मात्र बोल्टखालच्या लगच्या (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) तळाशी हिरवट पापुद्रा साठला होता आणि विणीतल्या बऱ्याच तारा वाकवताच तुटून हातात आल्या. अशी पट्टी मल्टिमीटरच्या बझरवर, म्हणजे तार जोडलेली असली की वाजणाऱ्या सोयीवर, तपासली तर मीटर खुशाल ‘पीं’ करतो, कारण त्याच्या इवल्याशा प्रवाहाला दोन-चार तारासुद्धा पुरतात. स्टार्टरला शंभर ते दोनशे अँपिअर लागतात आणि खरी परीक्षा तेव्हाच होते, म्हणून हे माप सेल्फ मारतानाच घ्यावे लागते.

नवी पट्टी बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा धातू काचकागदाने चकचकीत होईपर्यंत घासला आणि बोल्ट आवळून झाल्यावर सांध्यावर ग्रीसचा पातळ थर दिला. सेल्फ मारताना तोच फरक आता ०.२ व्होल्टच्या आत आला. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा प्रवाहही याच पट्टीतून बॅटरीकडे वळत असल्यामुळे चार्जिंगही सुधारले. इंजिन चालू असताना बॅटरीवर पूर्वी १३.५ व्होल्ट मिळत होते, ते आता १४.२ झाले, आणि जुनी बॅटरी अजून त्याच गाडीत काम करते आहे.