लिंबाच्या अळ्या

अमळनेरला आमच्या घरामागे वीस बाय पंधरा फुटांची जागा आहे. तिथे फुलपाखरं यावीत म्हणून पहिल्या पावसाळ्यात मी झेंडू, झिनिया, सदाफुली असं सगळं लावलं. फुलपाखरं आली, मध पिऊन गेली. राहिलं एकही नाही.

कारण कळायला वर्ष गेलं. कुंडीतल्या लिंबाच्या रोपावर पक्ष्याची विष्ठा पडावी तशा काळ्या-पांढऱ्या अळ्या दिसायच्या आणि मी निंबोळी अर्क फवारून त्या मारायचे. एकदा फवारणी राहून गेली. चार-पाच दिवसांत अळ्या मोठ्या होऊन हिरव्यागार झाल्या. एकीला काडी लावली, तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. तेव्हा शोधाशोध केली. ही लाईम बटरफ्लायची अळी. म्हणजे ज्यांची वाट बघत होते, त्यांनाच मी मारत होते. फार वाईट वाटलं.

फूल प्रौढ फुलपाखराच्या पोटासाठी. अंडी मात्र मादी अळीला खाता येईल त्याच झाडावर घालते, आणि प्रत्येक जातीचं झाड ठरलेलं. लिंबू आणि कढीपत्ता कॉमन मॉरमॉनलाही चालतो. पानफुटीवर रेड पियरो, एरंडावर कॉमन कॅस्टर. आणि रुईवर प्लेन टायगर.

रुई विकत आणावी लागली नाही. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच ही. बोरी नदीकाठी हवी तेवढी उगवते. बी आणून पेरलं. (पानं तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार त्रास होतो.) त्या चिकातलं विष अळीच्या अंगात भिनतं, म्हणून पक्षी प्लेन टायगरच्या वाटेला सहसा जात नाहीत. काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली अळी रुईचं पान कुरतडते, ते मी मांडी घालून बघत बसते.

लिंबावरून घरात वाद झाला. "माय व! अख्खं लिंबू खाई टाकं!" सासूबाई ओरडल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, छोटं रोप अळ्या दोन दिवसांत बोडकं करतात. मग मी अळ्या उचलून लोणच्याच्या मोठ्या लिंबावर सोडू लागले. त्या झाडाला एवढं जाणवत नाही. फवारणी मात्र कुठेच नाही, झेंडूवरसुद्धा नाही.

उन्हाळा सगळ्यात अवघड. पारा ४४ वर गेला की झिनिया जळते, नळाला पाणी चार दिवसांआड. रुई आणि कढीपत्ता तग धरतात. भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणी मी उथळ परातीतल्या मातीवर ओतते. ओल्या मातीतले क्षार शोषायला दुपारीही पिवळी फुलपाखरं बसतात. शेजारी अतिपिकलेलं केळं ठेवते. रावेर-यावलची केळी आमच्याकडे कधी कमी नसतात.

गेल्या श्रावणात कढीपत्त्याच्या काडीवर एक कोष लागला. नवव्या सकाळी तो काळपट पडला, आतले पंख दिसू लागले. सासूबाईंना हाक मारली. फुलपाखरू बाहेर आलं, चुरगळलेले ओले पंख खाली सोडून तासभर लटकून राहिलं. तोवर दोघींचा चहा गार झाला होता.

यंदा मृगाआधी खुळखुळ्याचं बी टाकायचं आहे. त्याच्या सुकलेल्या फांद्यांवर प्लेन टायगरचे नर जमतात.