आमची वाटचाल : अँटेनाच्या वायरीपासून बुरशी लागलेल्या कॅसेटपर्यंत

पुण्याच्या तपकीर गल्लीत आमच्या अण्णांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पुण्यातल्या घरांमध्ये व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट दाखवणारी आणि टेप करणारी मशीन, दिसू लागले. बरेचसे आखातात नोकरीला असलेल्या मुलाने किंवा जावयाने आणलेले असत. खोकं घरी यायचं, पण जोडून देणारा माणूस सापडत नसे. १९८४ मध्ये अण्णांनी दुकानावर ‘व्हीसीआर जोडणी व दुरुस्ती’ अशी वेगळी पाटी लावली. आज आम्ही जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं जे काम करतो त्याची सुरुवात तिथली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि संध्याकाळी अण्णांच्या मागे हत्यारांची पेटी घेऊन गिऱ्हाइकांच्या घरी जायचो.

त्या काळात खरा पैसा भाड्याच्या धंद्यात होता. रात्रीपुरता टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चर, सकाळी सामान परत. अण्णा त्यात पडले नाहीत. गिऱ्हाइकाला ते सरळ सांगायचे, “पिक्चर बघायचे तर साधा व्हीसीपी घ्या, तो नुसता कॅसेट दाखवतो. व्हीसीआरला जास्त पैसे मोजलेत ते त्यातल्या स्टेशन पकडणाऱ्या ट्यूनरचे. मग टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करा की!” घरच्या घरी कार्यक्रम धरून ठेवता येतो याचं त्यांना फार अप्रूप होतं, आणि आमचं दुकान त्या अप्रुपावर उभं राहिलं.

टेप करायचं तर आधी चित्र स्वच्छ हवं. पुण्यात मुंबई केंद्राचे कार्यक्रम सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामार्फत यायचे, त्यामुळे गच्चीवरचे सगळे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असत. टीव्हीवर थोड्या मुंग्या आल्या तर डोळा सांभाळून घेतो. त्याच मुंग्या कॅसेटवर उतरल्या आणि पुन्हा पाहिल्या की चित्र खूपच खराब वाटतं, कारण व्हीएचएस, म्हणजे आपल्या नेहमीच्या व्हिडिओ कॅसेटची पद्धत, मुळातच चित्रातला बारकावा कमी करून साठवतं. म्हणून आमची जोडणी गच्चीपासून सुरू व्हायची. अँटेनाचा गंजलेला जोड साफ करायचा, चपटी वायर बदलायची, लागला तर बूस्टर टाकायचा, आणि मग खाली यायचं. व्हीसीआरच्या झाकणाखाली प्रत्येक चॅनलसाठी एक बारीक चक्री असायची. ती प्लॅस्टिकच्या काडीने हळूहळू फिरवत स्टेशन पकडायचं. टीव्हीला व्हिडिओची वेगळी पिन नसेल तर व्हीसीआरची वायर अँटेनाच्या जागी खोचायची आणि टीव्हीवरचं एक रिकामं चॅनल व्हीसीआरसाठी लावून ठेवायचं.

हे सगळं होईपर्यंत चहा यायचा. त्यानंतरचं काम सर्वात जास्त वेळ खाणारं होतं : टायमर शिकवणं. आमचा अनुभव असा की घरातले पुरुष ‘समजलं, समजलं’ म्हणत आणि टायमर खरोखर शिकून घेत त्या काकू आणि शाळकरी मुलं. घड्याळ लावा, वार निवडा, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, चॅनल, आणि शेवटी टायमरचं बटण दाबून मशीन बंद करा. शेवटची पायरी विसरली की बाकीचं सगळं फुकट. शिवाय पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. वीज गेली की बहुतेक मशीनचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत राही आणि लावलेला टायमरही पुसला जाई. अण्णांनी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत पायऱ्या लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. प्रत्येक जोडणीबरोबर एक कागद द्यायचा, त्यात सर्वात वर : ‘वीज जाऊन आली असेल तर आधी घड्याळ लावा.’

२५ जानेवारी १९८७ ला रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं आणि आमचा फोन रविवारी सकाळीही वाजू लागला. साडेनऊच्या आत मशीन चालू करून द्या, एवढंच मागणं. भागांची संख्या जाऊन थांबली ७८ वर, ३१ जुलै १९८८ ला. ई-१८० कॅसेटवर नेहमीच्या वेगाने तीन तास मावतात. जाहिरातींसकट पाऊण तासाचा भाग धरला तर एका कॅसेटवर चार भाग बसायचे. मालिका तेवढी घेतली तर भाग पस्तीसेक मिनिटांचा, म्हणजे त्याच कॅसेटवर पाच. पूर्ण मालिकेला वीसऐवजी सोळा कॅसेटी लागत, आणि कॅसेट तेव्हा काही स्वस्त नव्हती. त्यामुळे घरोघरी एक माणूस पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसलेला असायचा. जाहिरात लागली की दाबायचं, संपली की सोडायचं. पॉजमध्येही टेपवर चित्र लिहिणारं-वाचणारं आतलं हेड थांबलेल्या टेपवर त्याच जागी फिरत असतं. टेप झिजू नये म्हणून मशीन पाचेक मिनिटांनी आपणहून बंद पडतं, हे ज्याला माहीत नव्हतं त्याचा उरलेला भाग हुकायचा.

काही मशीनमध्ये एलपी, म्हणजे अर्ध्या वेगाची सोय होती : तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास. अण्णा ती वापरू देत नसत. नेहमीच्या वेगात टेपवरची प्रत्येक रेघ ४९ मायक्रॉन रुंद असते, एलपीत ती निम्म्यावर येते. ज्या मशीनवर टेप केलं त्यावर ठीक दिसतं, शेजाऱ्याच्या मशीनवर चित्र फाटतं. आज चाळीस वर्षांनी दुसऱ्याच मशीनवर त्या कॅसेटी लावताना अण्णांचा हट्ट किती योग्य होता ते आम्हाला रोज कळतं.

मालिकांपाठोपाठ क्रिकेट. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालं नव्हतं, ही हळहळ आमच्या पिढीतल्या प्रत्येक क्रिकेटवेड्याने ऐकलेली आहे. १९८७ च्या विश्वचषकाच्या वेळी त्यामुळे लोक आधीपासून तयारीत होते. ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक झाली आणि सुनील गावसकरने एकदिवसीय सामन्यांमधलं आपलं एकमेव शतक ठोकलं. त्या सामन्याचे तुकडे असलेल्या घरगुती कॅसेटी आजही आमच्याकडे येतात. त्यातली कॉमेंट्री, मध्येच आलेली ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी आणि कधी कधी व्हीसीआर नीट न लागल्याने अर्धा ओव्हर नुसती खरखर, हे सगळं त्यात आहे.

१९९१ नंतर केबल आली आणि कार्यक्रम हुकण्याची धास्ती हळूहळू गेली. मग व्हीसीडी, डीव्हीडी. नव्या शतकात दुरुस्तीला येणारे व्हीसीआर महिन्याकाठी बोटांवर मोजण्याइतके राहिले. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, तेव्हा जगात नवा व्हीसीआर बनवणारं कुणी उरलं नाही. तोपर्यंत आम्ही लग्नाच्या आणि घरगुती कॅसेटींचं डिजिटायझेशन सुरू केलं होतं. अण्णांचं दुकानात येणं कमी झालं होतं, पण त्यांनी गोळा करून ठेवलेली जुनी मशीन, हेडं आणि रबरी रोलर हेच आमचं भांडवल ठरलं. आता सुटे भाग कुठेच बनत नाहीत. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर असते. एखाद्या बंद मशीनमधलं हेड चांगलं निघालं की आमच्यासाठी तो दिवस सणाचा.

हेडबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गिऱ्हाइकांना वाटतं की कॅसेट घातली आणि कॉम्प्युटरवर घेतली, एवढंच काम आहे. मशीनच्या आत ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्याच्या कडेला बसवलेली दोन हेडं तिरकी रेघ ओढत टेपवरचं चित्र वाचतात. टेप सेकंदाला अडीच सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही, पण ड्रम फिरत असल्यामुळे हेड आणि टेप एकमेकांवरून सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने जातात. एवढ्या वेगात धुळीचा कणही चित्रात पांढरा ओरखडा उठवतो. हेड साफ करायचं ते शॅमॉय कातड्याच्या तुकड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. कातडं स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वरखाली घासलं की हेडचं टोक तुटलंच.

कोकणातून येणाऱ्या कॅसेटींचा शत्रू निराळा आहे. रत्नागिरी-चिपळूणकडच्या कपाटातून निघालेल्या कॅसेटच्या खिडकीतून बघा, टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी जाळी दिसते. ती बुरशी. अशी कॅसेट चालू केली की बुरशी हेडवर, रोलरवर जाते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. आम्ही अशा कॅसेटींसाठी मागच्या खोलीत वेगळं मशीन ठेवलं आहे. मास्क लावून कॅसेट उघडायची, टेप सावकाश साफ करत दुसऱ्या चक्रीवर गुंडाळायची, नवी पेटी लावायची आणि मगच मुख्य मशीनवर न्यायची. तिथून टाइम बेस करेक्टर, जो जुन्या टेपवरच्या डळमळत्या रेघा सरळ करतो, आणि पुढे कॅप्चर, म्हणजे कॉम्प्युटरवर घेणं. बाजारातली स्वस्त यूएसबी स्टिक आम्ही वापरत नाही. टेपवर जरा खराब जागा आली की तिच्यातून फ्रेम गळतात आणि तासाभराने माणसाचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. आम्ही काहीही न गाळता साठवतो. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते. घरच्यांना पाहण्यासाठी त्यावरून छोटी फाइल करून देतो.

दोन वर्षांपूर्वी सांगोल्याकडच्या एक ताई आल्या. त्यांच्या वडिलांची डाळिंबाची बाग ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमात दाखवली होती. घरी व्हीसीआर नव्हता, तेव्हा गावातल्या डॉक्टरांच्या मशीनवर तो कार्यक्रम टेप करून घेतला होता. वडील आता नाहीत. जिथे जिथे मूळ कार्यक्रमाची चौकशी केली तिथून काही मिळालं नाही. कॅसेटवर एका नातेवाइकाच्या लग्नाचं नाव लिहिलेलं होतं. लावून पाहिली. सुरुवातीला कुठल्या तरी सामन्याचा शेवट, मग निवेदिका आली, मग कार्यक्रमाचं संगीत आणि बागेत उभे असलेले वडील, छाटणी कशी करायची ते सांगताना. ताई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. वडील पाण्याच्या पाळ्यांबद्दल सांगू लागले आणि वाक्याच्या मध्येच बँड सुरू झाला. पुढे सगळं लग्न.

त्यांनी विचारलं, “दादा, खालचं काढता येईल का?” नाही येत. रेकॉर्डिंग सुरू झालं की सर्वात आधी टेपच्या पूर्ण रुंदीवरून खोडणारं हेड जातं. खाली काही उरत नाही. कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची खिटी मोडली असती तर मशीनने त्यावर रेकॉर्डिंग घेतलंच नसतं. आम्ही जेवढं होतं तेवढं काढलं. वडिलांचा आवाज साफ केला, पण त्याच्या आधीचा सामना, निवेदिकेचं वाक्य आणि जाहिरात तशीच ठेवली. ती कापू नका असं ताईंनीच सांगितलं.

या कामात आमचं मत इथेच पक्कं झालं. पॉज दाबून जाहिराती गाळलेल्या कॅसेटमधली मालिका आज कुठेही पाहायला मिळते. ज्यांना पॉज दाबायला जमलं नाही, त्यांच्या कॅसेटवर मात्र तो दिवस आहे. साबणाची जाहिरात, आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी साप्ताहिकी, बातम्यांची सुरुवात, पुढच्या कार्यक्रमाची वेळ सांगणारी निवेदिका. टीव्ही केंद्रांत टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरायची पद्धत अनेक देशांत होती, आणि अशा जोडकामाच्या गोष्टी जपून ठेवायला कुणी सांगितलंही नव्हतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी तीस वर्षांहून जास्त काळ घरातल्या व्हीसीआरवर दिवसरात्र बातम्या टेप केल्या. २०१२ मध्ये त्या गेल्या तेव्हा मागे सुमारे ७०,००० कॅसेटी होत्या, आणि त्या संग्रहाची किंमत आता सगळ्यांना कळते आहे. आपल्याकडे तसा एकच माणूस नसेल, पण लॉफ्टवरच्या खोक्यांमध्ये तोच ऐवज विखुरलेला आहे. म्हणून गिऱ्हाईक ‘जाहिराती काढून टाका’ म्हणाला तरी आम्ही न कापलेली फाइल त्याच्या हार्ड डिस्कवर वेगळी देतोच. त्याचे पैसे घेत नाही.

कायद्याचं विचारलं जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ३९ व्या कलमात स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या प्रसारणाच्या रेकॉर्डिंगला मुभा आहे. विकायला मुभा नाही. त्यामुळे आमच्याकडून फाइल जाते ती ज्याची कॅसेट त्यालाच. एकाच्या कॅसेटमधलं दुसऱ्याला आम्ही देत नाही आणि इंटरनेटवर काही चढवत नाही.

आता माझी मुलगी दुकानात आहे. हेडमधून येणारा कच्चा सिग्नल थेट कॉम्प्युटरवर घेऊन चित्र सॉफ्टवेअरने उभं करायची मोफत प्रणाली जगभरचे हौशी लोक मिळून घडवत आहेत. मुलगी त्यावर काम शिकते आहे. फाटक्या एलपी कॅसेटींमधून मशीनला न दिसलेलं चित्र त्या मार्गाने बाहेर येताना आम्ही पाहिलं आहे. यासाठी मूळ कॅसेट हवी. म्हणून काम झाल्यावर कॅसेट टाकून देऊ नका. ती एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवा आणि पाठीवरची खिटी मोडून टाका. खिडकीतून पांढरं काही दिसत असेल तर घरच्या मशीनमध्ये घालून पाहू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तशीच आमच्याकडे आणा.