तुम्ही विचारलंत म्हणून : वयात बसणं

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस विचारतोच, "सगळं तरुणपण पुण्यात परीक्षांत घातलंस, काय भेटलं?" आडतीवर येणारी पोरं फॉर्म भरायच्या आधी जरा आदरानं विचारतात, "भाऊ, पुन्हा तेच केलं असतं का?" इतकी वर्षं दोघांनाही टाळलं. आता लिहितो.

आधी 'घातलंस' या शब्दाबद्दल. तरुणपण म्हणजे काय पोत्यात शिवून ठेवलेलं बियाणं होतं, की मी ते चुकीच्या रानात पेरलं? मी रोज पहाटे पाचला उठत होतो, अभ्यासिकेत बारा तास बसत होतो, एका वेळची मेस लावून दोन वेळा भागवत होतो. ते जगणंच होतं. ते वाया गेलं असं म्हणताना माझ्यासमोर तरी म्हणू नका.

आपल्याकडं मुलगी वयात येते आणि मुलगा वयात बसतो. बसतो की नाही, हे भरतीची जाहिरात सांगते. केंद्राच्या 2014 च्या युवा धोरणात युवक म्हणजे 15 ते 29. सोयरिकीच्या बाजारात मी तिशीलाच थोराड झालो. राज्य लोकसेवा आयोगाच्या लेखी खुल्या गटातला माणूस 33 पर्यंत चालत होता. जानेवारी 2016 मध्ये मला 33 पूर्ण झाली आणि तिथूनही उठलो. ट्रंक भरली. लातूरला जायचं, वडिलांसोबत, आण्णांसोबत, आडतीवर बसायचं, हे ठरलं होतं.

मग एप्रिलमध्ये शासनानं मर्यादा 33 ची 38 केली. पुण्यात शास्त्री रस्त्यावर परीक्षेची पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती, कुणीतरी पेढे वाटले. मी खोलीवर येऊन ट्रंकेतली पुस्तकं परत फळीवर लावली. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी जितका तरुण होतो तितका विसाव्या वर्षीही नव्हतो.

त्याच महिन्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, म्हणून मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून दहा वाघिणींत पाच लाख लिटर. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. मी फोन केला.

"आण्णा, पाच वर्षं वाढली."
"कशाची?"
"वयाची."
मागं बायकांचा, घागरींचा आवाज येत होता. आण्णा जरा थांबले आणि म्हणाले, "बरं झालं. मग ये म्हनत नाही."

त्यानंतर तीन दिवसांनी ते जिन्यात पडले. वय 61, दोन्ही हातांत वीस-वीस लिटरचे कॅन, पायरी ओली. खुब्याचं हाड मोडलं. मला कुणी कळवलं नाही. तेवीस दिवसांनी परीक्षा देऊन घरी गेलो तर आण्णा बाजेवर पडलेले, पायाला वजन बांधलेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पेपर कसा गेला हा. मी आईवर ओरडलो. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "परीक्षेचं लेकरू, तुझं डोकं हललं असतं."

33 वर्षांचं लेकरू. त्या दिवशी टँकर आला होता. मी अकरा खेपा केल्या. प्रत्येक खेपेला त्या पायरीवर पाय ठेवताना खाली बघत होतो. आण्णा एकोणिसाव्या वर्षी मुनीम झाले, बाविसाव्या वर्षी दोन बहिणींची लग्नं लावली. तरुण असायला त्यांना वर्षं मिळालीच नाहीत. मला मात्र सरकारनं पाच वाढवून दिली, आणि त्यांची किंमत चुकती करायला खालून दुसऱ्या मजल्यापर्यंत पाण्याचे कॅन घेऊन ते चढत होते.

एवढं बघून मी राहायला हवं होतं, असंच तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण आठ दिवसांनी मी पुण्याला परत गेलो. आण्णांनीच पाठवलं, हे खरं आहे. मला जायचंच होतं, हेही खरं आहे. 2020 च्या एप्रिलमधली पूर्वपरीक्षा पुढं ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. ती माझी शेवटची.

तेव्हाच्या मला आज पकडून विचारावं वाटतं, अरे, तुला पद हवं होतं, की अजून काहीच ठरलेलं नाही हा दिलासा हवा होता? तोही मला सोडत नाही. म्हणतो, वीस लाख रुपये पगाराची नोकरी मी नाकारली नव्हती. मुनिमाच्या पोराला दुसरं दार कोणतं उघडं होतं ते सांग. मला पटकन उत्तर देता येत नाही.

पुन्हा तेच केलं असतं का? काही रात्री हो येतं, काही रात्री नाही. ज्यांना हे विचारायला पाहिजे त्यांना मी विचारलेलं नाही. काल आण्णांना जिना उतरवत होतो. ते त्या पायरीवर नेहमीप्रमाणे थांबले, माझा दंड घट्ट धरला. तेव्हाही विचारलं नाही.