वीस मिनिटांचं अंतर

नकाशा उघडून दोन गावांमधलं अंतर मोजत बसायची मला जुनी खोड आहे. जिथे कधी पाय लागणार नाहीत, तिथलं तर आधी. सध्या मुक्काम नॉर्वेच्या पार ईशान्य कोपऱ्यात, वारांगर फ्योर्डवर. फ्योर्ड म्हणजे आपली खाडीच म्हणा, फक्त फार मोठी. उत्तर काठावर वाडसो, दक्षिणेला किर्कनेस. विमानतळ दोन्हीकडे.

या दोघांमधलं हवाई अंतर काढायला शाळेतला भूगोल पुरतो. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत आणि अक्षांशांत फरक वीस मिनिटांहून किंचित जास्त. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर. गुणाकार केला, उत्तर आलं ३८ किलोमीटर. व्हीटीहून सुटलेली लोकल कळवा सोडून मुंब्र्याकडे निघते, तेवढंच!

मग वेळ काढायचा मोह झाला. ताशी ८०० च्या वेगाने तीन मिनिटंसुद्धा नाहीत. पण तिथे जेट कुठलं उडायला? वाडसोची धावपट्टी आखूड, म्हणून पंख्यांची, ३९ जणांची डॅश-८ विमानं. वेळापत्रकात पंधराएक मिनिटं असतात. चढायचं, की लगेच उतरायला लागायचं. मधलं सरळ उडणं नावापुरतं. बाकी कारभार एसटीसारखा. विमान गावोगाव थांबत जातं, पुढचे प्रवासी जागेवरच बसून राहतात.

विमान नको असेल तर रस्ता आहे. तो मात्र खाडीच्या टोकाला वारांगरबोत्नपर्यंत जाऊन वळसा घेतो. समोरच्या काठावर पोचायला पावणेदोनशे किलोमीटर, अडीच तास. दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू व्हायच्या आधी ज्यांनी खाडीला वळसा घातलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि बोट? तिची तर गंमतच. किनाऱ्याने रोज येणारी हुर्टिग्रुटन वाडसोला थांबून दोनेक तासांत किर्कनेसला पोचते. परतीच्या फेरीत मात्र ती वाडसोला थांबतच नाही. म्हणजे जाताना बोटीने जा, येताना तुमचं तुम्ही बघा.

वाडसोला एक लोखंडी मनोरा अजून उभा आहे. १९२६ साली ध्रुवसंशोधक आमुन्सेनचं 'नोर्गे' हे वायूने तरंगणारं हवाई जहाज (एअरशिप) या मनोऱ्याला बांधलं होतं. इथून ते उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवर गेलं आणि तिथून उत्तर ध्रुवावरून थेट अलास्काला. दोन वर्षांनी इटलीच्या नोबिलेचं 'इटालिया' हे तसलंच जहाजही इथेच टेकलं. आज त्याच गावातून विमानात बसणाऱ्या एखाद्याला फक्त किर्कनेसच्या हॉस्पिटलात तपासणीला जायचं असतं, आणि संध्याकाळचं परतीचं विमान चुकवायचं नसतं.